रिमोटचा टप्पा, रेडिओचा पल्ला

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न: मुलगी हिंदी माध्यमात शिकते. तिनं प्रकल्पात लिहिलंय, 'अवरक्त तरंगों का परास रेडियो तरंगों से कम होता है।' आजीला हे मराठीत सांगताना 'परास'ला (म्हणजे रेंजला) 'पल्ला' म्हटलं तर चालेल का?

रेडिओपुरतं चालेल. अवरक्ताला, म्हणजे इन्फ्रारेडला, मी 'टप्पा' म्हणेन.

पल्ला हा निव्वळ अंतराचा शब्द. लांब पल्ल्याची गाडी, तोफेचा पल्ला. वाटेत काय आडवं येतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, म्हणूनच तो रेडिओला शोभतो. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात. घरं-झाडं त्यांना अडवत नाहीत, आणि रात्री तर त्या आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून फार दूर उतरतात. दिवसा न लागणारं केंद्र रात्री लागतं ते त्यामुळे. ब्लूटूथची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची, तरी एखाद-दुसऱ्या भिंतीतून ती पलीकडे जाते, थोडी अशक्त होऊन.

टीव्हीच्या रिमोटमधून निघतं ते अवरक्त मात्र प्रकाशच, साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा. डोळ्यांना दिसत नाही एवढंच. भिंत राहू द्या, मध्ये कुणी उभं राहिलं तरी काम अडतं आणि 'अरे, सरक ना' सुरू होतं. इथे प्रश्न किती लांब हा नसून समोर आहे की नाही, हा आहे. मराठीत त्यासाठी 'टप्पा' तयारच आहे: नजरेच्या टप्प्यात, बंदुकीच्या टप्प्यात. गंमत म्हणजे रिमोट उलट्या दिशेच्या पांढऱ्या भिंतीकडे धरला तरी कधी कधी टीव्ही लागतो. प्रकाश भिंतीवर टप्पा खाऊन जातो, चेंडू खातो तोच टप्पा.

मुलीच्या त्या 'कम'वरही थोडं थांबायला हवं. घरातल्या उपकरणांपुरतं ते खरं आहे, कारण रिमोटचा दिवा इवलासा आणि त्याचा प्रकाश पसरून विरतो. पण डिसेंबर २०२३मध्ये नासाच्या 'सायकी' यानानं सुमारे ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून अवरक्त लेसरनं व्हिडिओ पाठवला. झोत अरुंद, नेम अचूक, आणि मध्ये भिंत नाही! म्हणजे पल्ला मुळात तोकडा नाही, टप्प्यात असावं लागतं. आजीला असं सांगता येईल: 'रेडिओचा पल्ला भिंतीपलीकडेही पोचतो, अवरक्ताला समोरचं टप्प्यात लागतं.'

'अवरक्त' तसाच ठेवा, मराठी पुस्तकांतही तोच आहे. फ्रिक्वेन्सीसाठी हिंदीतली 'आवृत्ति' आली असेल तर मात्र बदला. मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते, लहरींची असते ती वारंवारता.

आणि 'फोनला रेंज नाही' यातल्या रेंजला हात लावू नका. तिथे अंतराचा संबंध नाही, सिग्नल पोचतोय की नाही एवढंच म्हणायचं असतं. ते पुण्यातही असंच म्हणतात.