आधी रंग, मग माणूस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

चित्रं मिळाली. हात छान चालतोय, पातळ रंगाच्या थराचा, म्हणजे वॉशचा, आता चिखल होत नाही. पण मेणवलीचा घाट पुन्हा? आपल्याकडे जलरंग शिकणाऱ्या प्रत्येकाने तो रंगवलाय, मीसुद्धा. त्या पायऱ्यांना जरा विश्रांती देऊया. मला बोलायचंय ते तुझ्या मंडईच्या चित्रांबद्दल. प्रत्येक चित्रात भाजीवाली बरोबर मधोमध, तिच्या खांद्यावर ऊन, मागे धूसर गर्दी. बघणारा एका नजरेत 'हं, मंडई' म्हणतो आणि पुढे जातो. त्याने थांबून शोधावं असं तू काही ठेवलेलंच नाहीस.

म्हणून तुला एका फोटोग्राफरकडे पाठवतोय. सॉल लायटर. जन्म १९२३, अमेरिकेतलं पिट्सबर्ग. वडील ज्यू धर्मशास्त्राचे मोठे पंडित, मुलानेही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, व्हावं ही त्यांची इच्छा. मुलगा १९४६ साली ते शिक्षण अर्धवट टाकून न्यूयॉर्कला पळाला, तो चित्रकार व्हायला. हे लक्षात ठेव. फोटोग्राफीकडे तो नंतर वळला, आणि वळल्यावरही ब्रश सुटला नाही. गवाश (अपारदर्शक जलरंग) आणि साध्या जलरंगात तो शेवटपर्यंत काम करत राहिला. बोनार आणि वुइलार हे फ्रेंच चित्रकार त्याचे आवडते, जपानी छापचित्रांचाही शौक. त्याचे फोटो पाहताना हे सगळं दिसतं, म्हणून तर फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांपेक्षा तुझ्यासारख्यांना त्याच्याकडून जास्त मिळेल असं मला वाटतं.

'कॅनपी' हा १९५८चा फोटो नीट बघ. चौकटीचा निम्म्याहून जास्त भाग काळा, दुकानापुढच्या छताचा. खाली उरलेल्या पट्टीत बर्फ पडतोय, माणसं आहेत. कुठल्याही परीक्षकाने 'विषय कापला गेलाय' म्हणून गुण कापले असते. १९५७च्या 'थ्रू बोर्ड्स'मध्ये तर दोन अंधाऱ्या फळ्या आणि त्यांच्यामधली एक चीर, त्या चिरेतून दिसेल तेवढाच रस्ता. आता दोन्हींवर ट्रेसिंग पेपर ठेवून नुसते मोठे आकार उतरव. तुला कळेल की तो काळा भाग रिकामा नाही. खालच्या पट्टीतला छोटासा रंग त्याच्याच जोरावर उजळतो. आपण कागद सोडतो ना, उजेडासाठी? हा अंधार सोडतो.

दुसरी गोष्ट लेन्सची. विनोग्रँडसारखे रस्त्यावरचे फोटोग्राफर वाइड लेन्स घेऊन गर्दीत घुसायचे. लायटर बरेचदा लांबच्या पल्ल्याची लेन्स वापरायचा. त्या लेन्समुळे जवळचं आणि दूरचं एकमेकांना चिकटतं, खोली जाते, रस्ता सपाट रंगांच्या तुकड्यांचा होतो. तुला लेन्सची गरज नाही. डोळे किलकिले करून बघ, तेच होतं. शिवाय तो काचेआडून, दारातून, वाफ धरलेल्या खिडकीतून बघायचा. रस्त्यावर स्केचबुक उघडलं की 'मॅडम, माझं काढा' म्हणत घोळका जमतो अशी तुझी तक्रार होती. मग काचेआड बस. पीएमपी बसच्या खिडकीची सीट पावसाळ्यात कुठल्याही स्टुडिओपेक्षा चांगली.

एक विनंती: त्याच्या फोटोंतली लाल छत्री उचलू नकोस. इन्स्टाग्रामवर तशा छत्र्यांचा ढीग पडलाय. पुण्यात बर्फ नाही, ताडपत्री आहे. जुलैत मंडईबाहेर निळ्या ताडपत्रीखाली उभी राहा आणि टोमॅटोकडे बघ. ते लाल दिसत नाहीत. निळ्या उजेडात लाल मरतो, काळपट, वांग्याच्या जवळ जातो. विकणाऱ्या बाईच्या कपाळावर राखाडी-निळी छटा येते. आणि ताडपत्री जिथे फाटलीये तिथून पडलेल्या खऱ्या उजेडात एखादाच टोमॅटो भडक लाल. तुझ्या चित्रात सगळेच टोमॅटो सारखे लाल आहेत, कारण तू बघितले नाहीस, आठवून रंगवलेस. ताडपत्रीने कागदाचा वरचा दोन-तृतीयांश भाग खाल्ला तरी चालेल. बाईचा नुसता हात दिसू दे.

यासाठी रोज नवी जागा शोधायची गरज नाही. लायटर १९५२पासून न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये एकाच रस्त्यावर राहिला आणि त्याचं बरंचसं काम घराच्या आसपासचंच. पैशांची चणचण असायची, म्हणून मुदत संपलेली स्वस्त फिल्म घ्यायचा. तिच्यात रंग कसे उतरतील याचा नेम नसायचा आणि ते त्याला आवडायचं. तू महागड्या हँडमेड पेपरसाठी अडून बसलीयेस, म्हणून सांगतोय.

प्रदर्शनाचंही विचारलंयस. घाई नको असं म्हणणं मला सोपं आहे, भाडं तुला भरायचंय. लायटरनेही पोटासाठी 'हार्पर्स बझार' मासिकासाठी फॅशनचे फोटो काढलेच. १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या एका प्रदर्शनात त्याचे फोटो लागले होते, पण ते कृष्णधवल. रंगीत फोटो म्हणजे जाहिरातीचा माल, असा तेव्हाचा समज. त्याच्या रंगीत स्लाइड्स घरात पडून राहिल्या. त्या रंगीत फोटोंचं पुस्तक आलं २००६मध्ये, तेव्हा तो ऐंशीच्या पुढे. २०१३मध्ये गेला. याला संयमाची गोष्ट म्हणून सांगतात, मला ते फारसं पटत नाही. इतकी वर्षं कुणी बघू नये असं ते काम नव्हतंच. तेव्हा कॅफेच्या भिंती मिळत असतील तर खुशाल लाव. फक्त घाट लावू नकोस.

पुढच्या खेपेला ताडपत्रीची चित्रं पाठव, आधीची छोटी टोनल (नुसत्या उजेड-अंधाराची) स्केचेसही जोड. आणि फोटो सकाळी खिडकीपाशी काढ. ट्यूबलाइटखाली काढलेस की सगळं हिरवट येतं, मग तुझा निळा मला कळत नाही.

तुझा,
सर