अंगावर मांस नाही, तरी लिव्हरवर चरबी? (हिपॅटायटीस सी)

भाऊ, तुमच्या मोठ्या भावाचं वजन 51 किलो, दारू नाही, हिपॅटायटीस सी (लिव्हरला सूज आणणारा विषाणू) निघालेला आणि सोनोग्राफीत 'ग्रेड 2 फॅटी लिव्हर'. वर काउंटरवरून सल्ला, "तेल-तूप बंद करा, वजन उतरवा, सहा महिन्यांनी या." आमच्या घरीही एका दवाखान्यातून हेच ऐकायला मिळालं होतं, म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही, औषध तेच ठरवतील.

या आजारात चरबी दोन वाटांनी येते. एक नेहमीची, म्हणजे सुटलेलं पोट, साखर, दारू. (मोहाची 'थोडीशी'ही दारूच बरं का, नीट विचारा.) दुसरी वाट खुद्द विषाणूची. ती जीनोटाइप 3 मध्ये (जीनोटाइप म्हणजे विषाणूचा उपप्रकार) जास्त दिसते, आणि आपल्या देशात हाच प्रकार सर्वांत जास्त सापडतो. लिव्हर चरबी प्रथिनात बांधून रक्तात सोडतं, विषाणू ती बांधणीच अडवतो. खरेदी बंद पडली की कापूस घरातच साचतो, तसं. म्हणून अशांचं कोलेस्टेरॉल उलट कमी येतं. माणूस बारीक, साखर ठीक, कोलेस्टेरॉल कमी आणि तरी चरबी असेल, तर पहिला संशय विषाणूवर घ्या. अशाला उपाशी ठेवलं तर चरबी राहते आणि मांस झडतं. भाकरी, वरण, अंडी चालू ठेवा.

माझा खरा राग त्या 'सहा महिन्यांनी या'वर आहे. चरबी आणि विषाणू दोन्ही असले की लिव्हर लवकर कडक होतं. वाट पाहण्यात काय मिळवायचं? अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेलं प्रथिन) पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शिरला होता, एवढंच. बरं झाल्यावरही ती पॉझिटिव्हच राहते. आरएनए म्हणजे व्हायरल लोड (रक्तात आत्ता विषाणू आहे का, किती आहे ते सांगणारी तपासणी) करून घ्या. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात विचारा. सोफोसबुव्हिर-वेलपाटासव्हिर हे गोळ्यांतलं औषध सगळ्या जीनोटाइपवर चालतं, तेव्हा जीनोटाइपवर उगाच पैसे घालू नका. गोळ्या सुरू करण्याआधी हिपॅटायटीस बी मात्र तपासाच. तो दबलेला असेल तर उसळू शकतो.

लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज घरी काढता येतो. एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणजे रक्ततपासणीतले लिव्हरचे आकडे. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). वय 45, एसजीओटी 80, एसजीपीटी 64, प्लेटलेट दीड लाख धरा. प्लेटलेट हजारात, म्हणजे 150 लिहायच्या. इथेच लोक चुकतात. उत्तर 3 येतं. 1.45 च्या खाली असेल तर धोका कमी, 3.25 च्या वर गेलं तर तज्ज्ञ लगेच गाठा, मधलं आलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी.

गडचिरोली, गोंदिया, मेळघाटाकडचे असाल आणि घरात सिकलसेल (रक्ताच्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल, तर साखरेसाठी एचबीए1सीवर (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) विसंबू नका, ते फसवं येतं. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहा. रक्त वारंवार चढलं असेल तर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करा, लोह साचूनही लिव्हर खराब होतं.

गुळवेलीचा काढा बंद करा, त्यानेही लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, तिने वेलपाटासव्हिर अंगात कमी शोषलं जातं.

कोर्स संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए करा. तो निगेटिव्ह येऊनही चरबी तशीच असेल, तर मग साखर आणि पोटाच्या मागे लागा. इथे रिपोर्ट टाकताना नाव खोडा, आणि एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट तिन्ही एकाच दिवसाचे टाका.