दाखला, दप्तर आणि ठराव : वाचकांचे प्रश्न

मुलगी 3 जानेवारी 2021 ची आहे. जून 2026 मध्ये पहिलीत घालायची होती. शाळा म्हणते, तीन दिवसांनी हुकलं. प्रतिज्ञापत्र करून दिलं तर चालेल का?
— एक पालक, कसबा बावडा

नाही चालणार. आपल्या राज्यात ज्या वर्षी पहिलीत प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला मूल सहा वर्षांचं पूर्ण व्हावं लागतं. म्हणजे जून 2026 साठी जन्म 31 डिसेंबर 2020 किंवा त्याआधीचा हवा. नर्सरीला हाच हिशोब तीन वर्षांचा. नोटरीकडच्या कागदानं जन्मतारीख बदलत नाही. जन्मनोंदीतली तारीख दवाखान्याच्या नोंदीनुसार खरोखर चुकली असेल तरच ती निबंधकाकडे दुरुस्त होते. काही ठिकाणी ‘आत्ता घ्या, नंतर बघू’ म्हणून प्रवेश देतात. मग आधार आणि ऑनलाइन नोंदणीत वय जुळेना की धावपळ पालकांच्याच वाट्याला येते.

वर्ष फुकट गेलं असं समजू नका. 2020 च्या शैक्षणिक धोरणात बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी असा पाच वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. मुलगी अंगणवाडीत जात असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. जानेवारी 2027 मध्ये तिला सहा पूर्ण झाली की आहाराच्या यादीतून नाव निघतं. त्यानंतर जूनपर्यंत तिला तिथं बसता येईल का, हे सेविकाताईंशी आधीच बोलून घ्या.

आम्ही राजारामपुरीत भाड्यानं राहतो. आधारवर गावाकडचा पत्ता आहे. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या 25 टक्के मोफत जागांसाठी, अर्ज करता येईल का? आणि खासगी शाळांना यातून सूट मिळाल्याचं ऐकलं, ते खरं का?

शाळांना सूट मिळाल्याचं आधी सांगतो, कारण ही अफवा अजून फिरते आहे. शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या विनाअनुदानित शाळांना 25 टक्के जागांतून वगळणारी अधिसूचना 9 फेब्रुवारी 2024 ला निघाली होती. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 ला ती रद्दच केली. त्यामुळे ‘आमच्या शेजारी मनपाची शाळा आहे, आम्हाला आरटीई लागू नाही’ असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा. लेखी सहसा मिळत नाही.

आता पत्त्याचं. भाडेकरू अर्ज करू शकतो, पण साध्या स्टॅम्पपेपरवरचा करार पडताळणीत टिकत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करार हवा, मुदत किमान 11 महिन्यांची हवी आणि नोंदणीची तारीख ऑनलाइन अर्जाच्या आधीची हवी. सगळ्यात जास्त अर्ज इथंच अडकतात. लॉटरीत नाव येतं, मग करार नोंदवायची पळापळ होते आणि तारीख अर्जानंतरची पडते. करार आत्ताच नोंदवून ठेवा.

दुसरी अडचण नकाशावरची. अर्जात घराची खूण आपण स्वतः लावतो आणि शाळेचं अंतर तिथूनच मोजलं जातं. मोबाइल आपोआप दाखवेल ती जागा कधी चौकात असते, कधी सायबर कॅफेत. नकाशा मोठा करून आपल्या इमारतीवरच खूण आणा आणि त्या स्क्रीनची छापील प्रत ठेवा. पडताळणी समितीनं विचारलं तर तोच दाखवायचा.

आर्थिक दुर्बल गटातून अर्ज असेल तर वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. वंचित गटातून असेल तर उत्पन्नाचा नव्हे, जातीचा दाखला लागतो. दोन्हींत बसत असाल तर हातात जो कागद तयार आहे तोच गट निवडा. एकाच मुलाचे दोन अर्ज कधीही भरू नका, दोन्ही बाद होण्याची भीती असते. निवडीचा एसएमएस आला नाही म्हणून गप्प बसू नका, संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून रोज बघा.

आणि प्रवेश मिळाल्यावर ‘शासनाकडून प्रतिपूर्ती (या जागांच्या फीची भरपाई) आली नाही’ म्हणून शाळेनं फी मागितली तर देऊ नका. तो शाळेचा आणि शासनाचा हिशोब आहे. गटशिक्षणाधिकारी किंवा मनपाच्या प्राथमिक शिक्षण समितीकडे लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

बाळाच्या नावात आईचं नाव घालणं सक्तीचं झालंय म्हणे. थोरला 2021 चा, धाकटी 2025 ची. दोघांची नावं वेगवेगळ्या पद्धतीची होतील, पुढं अडचण येईल का?
— इचलकरंजी

1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हा नियम आहे. क्रम असा : बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. थोरल्याचं काही बदलायचं नाही. भावंडांची नावं वेगळ्या धाटणीची दिसतील एवढंच, त्यानं काही बिघडत नाही.

बिघडतं ते आईच्या नावाच्या स्पेलिंगमुळे. दवाखान्याच्या फॉर्मवर एक, आधारवर दुसरं, रेशन कार्डावर तिसरं. बाळंतपणाला जातानाच आईच्या आधारची प्रत द्या आणि नोंद त्यावरूनच करायला सांगा. जन्मनोंद 21 दिवसांत मोफत होते. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका, नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. बारशाची वाट बघत नोंदच राहून गेल्याची उदाहरणं आहेत, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. बाळाचं आधार याच दाखल्यावरून निघतं. पाच वर्षांचं झाल्यावर बोटांचे ठसे द्यायला विसरू नका.

पहिली नात मार्च 2023 ची, दुसरी 2024 ची. केशरी कार्ड आहे. मुलींसाठीची लेक लाडकी योजना कुणाला मिळेल?
— गडहिंग्लज तालुक्यातील आजी

दुसरीला. योजना 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेल्या मुलींसाठी आहे, पण त्याआधीचं एक अपत्य असलं तरी नंतरच्या दुसऱ्या मुलीला ती मिळते. अट अशी की आईनं किंवा वडिलांनी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया केलेली हवी. रक्कम टप्प्यानं येते : जन्मानंतर 5 हजार, पहिलीत 6 हजार, सहावीत 7 हजार, अकरावीत 8 हजार आणि 18 पूर्ण झाल्यावर 75 हजार, एकूण 1 लाख 1 हजार. शेवटच्या हप्त्याला ती अविवाहित असावी लागते. कार्ड पिवळं किंवा केशरी, उत्पन्न 1 लाखाच्या आत, बँक खातं महाराष्ट्रातलं. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. सूनबाई माहेरी सीमेपलीकडच्या गावात असतील आणि खातं तिकडच्या शाखेत असेल, तर आधी इकडे उघडा.

आमची संस्था दोन बालवाड्या चालवते. नऊ विश्वस्त आहेत, त्यांतले चार आजीव. अध्यक्ष वारले, नवीन निवडले. आता काय काय करायचं?
— कागल तालुका

बदल झाल्यापासून 90 दिवसांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) दाखल करा. सोबत मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, ठराव, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र आणि परिशिष्ट एकचा (संस्थेच्या धर्मादाय नोंदीचा) उतारा. मुदत गेली असेल तर विलंबमाफीचा अर्ज वेगळा जोडा.

रिपोर्ट नामंजूर होतो तो बहुधा नोटिशीवर. संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) 15 दिवस आधी नोटीस असं लिहिलंय आणि सभा आठव्या दिवशी घेतली, की संपलं. रजिस्टरच्या सह्या हजेरीशी जुळत नाहीत, हेही नेहमीचं. टपालाची पावती फाईलला लावा. व्हॉट्सअॅपवर कळवलं होतं एवढ्यावर भागत नाही, घटनेत ती पद्धत असली तरच चालते.

चार आजीव विश्वस्तांचा प्रश्न वेगळा आहे. याच कायद्याच्या 2025 च्या दुरुस्तीनुसार संस्थेच्या घटनेत आजीव विश्वस्तांबद्दल स्पष्ट तरतूद नसेल तर त्यांची संख्या एकूण संख्येच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. नवाचा चतुर्थांश सव्वादोन, म्हणजे दोन. ‘आजीव’ हा शब्द नुसता लेटरहेडवर आहे की घटनेत, ते आधी उघडून बघा. बऱ्याच जुन्या संस्थांत तो फक्त लेटरहेडवरच असतो.

बालवाड्यांचं म्हणाल तर खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांची माहिती शिक्षण विभागाच्या पोर्टलवर भरायची असते. केंद्रं दोन असतील तर नोंदी दोन. 31 मार्चला संपलेल्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल सहा महिन्यांत सादर करा. मागच्या निवडीचा एखादा चेंज रिपोर्ट अजून प्रलंबित असेल तर नव्याआधी त्याच्या सुनावणीची तारीख लावून घ्या. जुनी मंडळी कागदावर विश्वस्तच झाली नसतील, तर त्यांनी केलेल्या निवडीवर कुणीही हरकत घेऊ शकतं.