मनीऑर्डरच्या कुपनावर मावेल एवढं

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या वर्षश्राद्धाला वाचायचा मजकूर मिळाला. दोनदा वाचला. राग मानू नकोस, पण ‘कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल’ हे तिन्ही शब्द आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर दर पंधरवड्याला येतात, फोटो तेवढा बदलतो. तुझ्या सहा कागदांत तुझे आजोबा मला एकाच ठिकाणी दिसले. रात्री कडी घालण्याआधी ते सोप्यातल्या चपला मोजायचे, तिथं. जोड पुरे भरले की ‘आले सगळे’ म्हणायचे आणि दिवा मालवायचे. पलटणीत संध्याकाळी रोलकॉल होतो, तो त्यांनी घरी आणला होता. आणि हे तू कंसात टाकलंयस! बाहेर काढ, अगदी सुरुवातीला घे.

आता लढाईचं. तू लिहिलंस, ते ‘बांगलादेशच्या लढाईत’ होते. कशावरून? घरात सगळे म्हणतात म्हणून? हीच चूक मी करून बसलोय. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत. ते गेल्यावर मी एका साप्ताहिकात लेख लिहिला आणि त्यांना थेट बांगलादेशातल्या जमालपूरला नेऊन लढवलं. डिसेंबर १९७१ मध्ये तिथं पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण लढली, हे मी कुठंतरी वाचलं होतं, आणि मराठा म्हणजे सगळी एकच पलटण अशी माझी समजूत. पुढं चुलत्यांनी वडिलांची काळी ट्रंक उघडली. आत पदक निघालं ते पश्चिमी स्टार. पूर्वेच्या आघाडीवरच्यांना पूर्वी स्टार मिळालं होतं. म्हणजे वडील त्या हिवाळ्यात देशाच्या दुसऱ्याच टोकाला होते. लेखाची दुरुस्ती मी आजवर छापलेली नाही. लाज वाटली, दुसरं काय.

तेव्हा आधी डिस्चार्ज बुक शोध. भरती कधी, पलटण कोणती, पदकं कोणती, बाहेर कधी पडले, हे त्यात असतं. ते सापडलं नाही तर आर्मी नंबर घेऊन रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिही. मराठा असेल तर बेळगाव, महार असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. नंबर बहुतेक पदकांच्या कडेवर बारीक कोरलेला असतो. भिंग घेऊन बस.

कुटुंबवत्सल म्हणायचं असेल तर मात्र पदकं बाजूला ठेव आणि पत्रं काढ. मी पाचवीत होतो. वडिलांचं पत्र यायचं, पत्त्यात गावाचं नाव नाही, नुसतं ‘५६ एपीओ’, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. आईला वाचता येत नव्हतं. आणि पत्र तिच्या नावानं नसायचंच, ते आजोबांना: ‘ती. आबांस शि. सा. नमस्कार वि. वि.’ मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचो, आई दाराआड उभी. पाऊस, बैल, सोसायटीचं कर्ज, सगळं झालं की अखेरची ओळ: ‘घरच्या मंडळींनी तब्येतीस जपावे.’ घरची मंडळी म्हणजे ती एकटी, हे मला माझं लग्न झाल्यावर कळलं.

मनीऑर्डरच्या फॉर्मला निरोपासाठी एक कुपन असायचं, दोन-चार ओळींचं. त्यातलं एक मी जपून ठेवलंय. लिहिलंय, ‘पाच रुपये जादा आहेत, ते औषधाचे.’ घरात कोणी आजारी नव्हतं. त्या आठवड्यात आई बाजारात जाऊन हिरव्या बांगड्या भरून आली. आबांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

तुमच्याही घरी असं काही असेल. सगळ्यांसमोर वाचलं जाणार हे ठाऊक असलेल्या माणसानं काय लिहिलं आणि कुठं आखडतं घेतलं, ते बघ.

साताऱ्याजवळ अपशिंगे आहे, मिलिटरी अपशिंगे म्हणतात ते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांची आठवण म्हणून तिथं दगड आहे. इंग्रजांनी असे दगड पुष्कळ गावांत बसवले: इतके गेले, त्यातले इतके मेले. परत आले त्यांनी पुढं काय केलं, ते त्या दगडांवर नसतं. तुझंही तसंच झालंय. सैन्यातल्या वर्षांना पाच कागद, आणि पुढच्या चाळीस वर्षांना एक. अगं, पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पेन्शनवर आलेला शिपाई पस्तिशीतला असतो! वर्षातून दोन महिने येणारा पाहुणा एकदम रोजचा होतो, आणि घर तर त्याच्यावाचून चालायला शिकलेलं असतं. माझ्या वडिलांनी आल्या आल्या आम्हाला पहाटे पाचला उठवायला सुरुवात केली. आठव्या दिवशी आई म्हणाली, ‘ही पलटण माझी आहे.’ त्यानंतर ते एकटेच पाचला उठायचे आणि सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी तापवून ठेवायचे. मरेपर्यंत.

आजीला विचार, पहिलं वर्ष कसं गेलं. खटके उडालेच असतील, तेही लिही. नुसत्या गुणांची यादी ऐकून ती मान डोलावेल, पण ऐकणार नाही. दुपारी जा, भांडी आवरल्यावर. फोनवर रेकॉर्डिंग लावलंस तर तिला आधी सांग.

डिस्चार्ज बुक सापडलं तर लॅमिनेट करायला टाकू नकोस. जुना कागद उष्णतेनं खराब होतो आणि प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. फोटो काढ आणि सुती फडक्यात गुंडाळून ठेव.

आणि आत्याला एक विचार. चपला मोजताना एखादा जोड कमी भरला, तर ते काय करायचे? ते तू लिहिलेलं नाहीस.

तुझे,
सर