जुन्या जपानी लस्टरच्या, म्हणजे धातूसारखी चकाकी असलेल्या, चिनी मातीच्या बाहुल्या घेताना काय पाहायचं?

आधी बाहुली उलटी करून तळ बघा. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) लिहीत, १९२१ पासून ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता त्या १९५२ पर्यंतच्या काळातली. हा शिक्का नकली मालावरही मारतात, तेव्हा एवढ्यावरच विसंबू नका.

माझ्या मते खरी किंमत चकाकीची. ती म्हणजे झिलईवर चढवून भाजलेला धातूचा अतिशय पातळ थर. घासला की गेला, परत येत नाही. नाकाचा शेंडा, कोपर, कडा नीट न्याहाळा, झीज तिथेच आधी दिसते. धुताना फक्त साधं पाणी आणि मऊ कापड. भांडी घासायची पावडर कृपा करून लावू नका!