अमेरिकेत नाटक किंवा संगीत शिकायचं आहे, पण फी परवडणार नाही. देणगीदारांच्या पैशातून पूर्ण फी माफ होते का?

हो, होते, आणि काही ठिकाणी तर प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाची होते. शिष्यवृत्तीसाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेला २०२१ साली डेव्हिड गेफन या हॉलिवूडच्या निर्मात्याच्या प्रतिष्ठानने १५ कोटी डॉलर दिले आणि तिथली ट्यूशन फी, म्हणजे शिकवण्याची फी, कायमची बंद झाली. त्याच विद्यापीठाच्या संगीतशाळेला २००५ मध्ये १० कोटी डॉलरची देणगी मिळाली होती, तिथेही तसंच. फिलाडेल्फियाची कर्टिस ही संगीतसंस्था तर १९२८ पासून कोणाकडूनही ट्यूशन फी घेत नाही. उलट पियानोच्या विद्यार्थ्यांना ती घरी रियाजाला स्टाइनवे या नामांकित कंपनीचा ग्रँड पियानो वापरायला देते!

हे वर्षानुवर्षं चालतं, कारण मूळ देणगीला सहसा हात लावत नाहीत. ती रक्कम गुंतवून दरवर्षी साधारण चार-पाच टक्केच खर्च करतात. संस्थांनी स्वतः जाहीर केलेल्या माहितीवरूनच हे लिहितोय.

पण माफ होते ती फक्त ट्यूशन फी. राहणं, जेवण, आरोग्यविमा आणि विमानाचं तिकीट यांचा खर्च उरतोच, आणि विद्यार्थी व्हिसाच्या कागदपत्रांसाठी तेवढे पैसे आहेत हे दाखवावं लागतं. त्यामुळे अर्ज करतानाच राहण्याखाण्यासाठी वेगळी मदत मिळते का ते विचारून घ्या. जागा मोजक्या असतात, तेव्हा ऑडिशनची तयारी आत्तापासूनच सुरू करा.