तुमच्या शहरातल्या बेभरवशाच्या बसला लोकांनी काय काय टोपणनावं ठेवली आहेत? अशी नावं ठेवून काही उपयोग होतो का?

सोलापूरचं मी सांगतो, आणि जरा सविस्तरच सांगतो, कारण यातल्या एका नावावरून आमच्या सासरवाडीत आजपर्यंत वाद चालू आहे.

एसटीचं सगळ्यांना माहितीय, लाल डबा. 1948 च्या 1 जूनला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली, तिलाही स्टँडवरच्या कुणीतरी काहीतरी म्हटलंच असणार. हल्ली लालपरी म्हणायची फॅशन आलीय. माझं स्पष्ट मत, लालपरी म्हणणारे लोक वर्षातून दोनदा एसटीनं जाऊन स्टेटसला फोटो टाकणारे असतात, रोज ये-जा करणारा माणूस लालपरीही म्हणत नाही आणि डबाही म्हणत नाही, तो नुसतं 'गाडी लागली का' विचारतो.

आमच्या जिल्ह्यातलं त्याच्याही आधीचं म्हणजे बार्शी लाईट. 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झालेली अडीच फुटी रुळांची रेल्वे, पुढं पंढरपूर, लातूर आणि मग मिरजेपर्यंत गेली. पंढरीचे वारकरी तिच्यातनं जायचे. चालत्या गाडीतनं उतरायचं, शेतातला ऊस मोडायचा आणि मागच्या डब्यात चढायचं, असं म्हातारे सांगतात. खरं-खोटं पांडुरंगाला ठाऊक. आता ती लाईन ब्रॉडगेज झाली, पण काम रेंगाळत करणाऱ्याला 'काय बे, बार्शी लाईट झालास का' म्हणणारे अजून आहेत. वडाप आणि डुक्कर रिक्षा तर तुमच्याकडेही असतील, ते सोडून देतो.

आता मुद्द्याचं. आमच्या रूटच्या सिटी बसला आम्ही 'गड्डा' म्हणायचो. सोलापूरच्या माणसाला कारण सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो आणि होम मैदानावर जी जत्रा भरते तिला गड्डा यात्रा म्हणतात. पाळणे, मौत का कुआं, भेळेचे स्टॉल, सगळं. वर्षातून एकदा.

हे नाव मी ठेवलंय. मी म्हणजे मीच.

तेव्हा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेबाला होतो. संध्याकाळी सुटल्यावर स्टॉपवर उभं राहायचं, बस कधी येईल ते कुणालाच माहीत नसायचं, टपरीवाल्याला पण नाही, आणि आली तरी थांबेलच असं नाही. संक्रांतीच्या आठवड्यातली गोष्ट आहे. स्टॉपवर एक आज्जी नातवाला घेऊन आलेल्या, इरकल नेसलेल्या, पोराच्या हातात पाच-दहा रुपयांच्या नोटांची घट्ट मूठ, गड्ड्यात खर्च करायला साठवलेले असणार. खूप वेळ उभं राहून पोरगं रडकुंडीला आलं तशा आज्जी मला म्हणल्या, "बाळा, गड्ड्याची गाडी येतीय का न्हाई रे?" माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आज्जी, ही गाडीच गड्डा हाय, वर्षातनं एकदाच येती." स्टॉपवरची सगळी हसली, आज्जी पण. मागनं एक कॉलेजची पोरगी म्हणली, "आणि बसलं की पाळण्यावानी हलती." तो अर्धा भाग तिचा, मी कधीच माझा म्हणत नाही.

पुढं बस आली आणि खरंच हलत होती. खिडकीची काच खडखडू नये म्हणून कुणीतरी फटीत तिकिटांची घडी करून कोंबलेली, खड्डा आला की ती घडी बाहेर यायची, मग शेजारचा माणूस न बोलता परत आत दाबायचा. आठवड्याभरात अख्खा स्टॉप विचारायला लागला, 'गड्डा गेला का?' कंडक्टरसुद्धा म्हणायला लागले. मध्यंतरी केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून नव्या गाड्या आल्या तेव्हा वाटलं आता हे नाव जाणार, पण चेसीला तडे गेल्याच्या बातम्या पेपरात आल्या आणि नाव पक्कंच झालं.

तर त्या संध्याकाळी आमचे थोरले साडू तिथंच होते. टॉवेलचा माल बघायला आलेले, टपरीवर चहा पीत, लुना स्टँडला लावून. त्यांनी ऐकलं, हसले, आणि लुनाला किक मारून गेले. मला डबलसीट घेतो का, एवढं पण विचारलं नाही, ते जाऊ दे. त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात, जेवणाच्या पंगतीत हे सांगणार, "सिटी बसला गड्डा नाव आपणच दिलं बरं का." आमची बायको सुद्धा म्हणते, जाऊ द्या हो, एका नावानं काय होतंय. होतंय. ज्या माणसानं जन्मात सिटी बसचं तिकीट फाडलं नाही त्याला बसला नाव ठेवायचा अधिकार नाही, असं माझं ठाम म्हणणं आहे. उन्हात उभं राहायचं आम्ही, आणि पंगतीत टाळी घ्यायची लुनावाल्यांनी?

उपयोग होतो का विचारलंत, तर बस काही त्यानं लवकर येत नाही. पण स्टॉपवर अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागतात, कोण कुठं उतरतो कळतं, आणि बस आलीच नाही तर चौघं मिळून रिक्षा करतात. एवढंच. फक्त ड्रायव्हर-कंडक्टरच्या तोंडावर चिडवायला जाऊ नका, गाडी त्यांनी विकत आणलेली नसते, आणि खडखड सगळ्यात जास्त त्यांच्याच कानाशी असते. आणि हो, मी सांगतोय ते माझ्या रूटचं, शहरातच विजापूर रोडला किंवा बाळे भागाकडं दुसरं काही म्हणत असतील, तिकडच्यांनी सांगावं.

साडूभाऊ, हे वाचत असाल तर एकच विचारतो. तेव्हा एमआयडीसी ते पार्क चौक तिकीट किती होतं, तेवढं खाली लिहा. ताईंना न विचारता.